कबरीपाशी किती देवदूत?

"टीचर, पंखांचा एकच जोड करायचा की दोन?"

२०२४चा उपवासकाळ. चर्चच्या आवारातल्या सभागृहात दुःखसहनाच्या नाटकाची तालीम चालली होती. विचारणारी मुलगी आठवीतली. मांडीवर थर्माकोलचा ताव, हातात कटर, शेजारी फेविकॉलचा डबा. नाटकाच्या शेवटी, पुनरुत्थानाच्या पहाटे, रिकाम्या कबरीपाशी देवदूत दिसतात. माझ्या संहितेत ते दोन होते आणि कित्येक वर्षं दोनच उभे राहत आले होते. "दोन," असं मी सांगून टाकलंही असतं; पण ती घरून बायबल वाचून आली होती. मार्कने एक सांगितलाय, लूकने दोन. मग त्या पहाटे तिथे खरोखर होते तरी किती?

मी लगेच उत्तर दिलं नाही. घरी गेले आणि कपाटातली जुनी वही काढली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. शाळेत शिकवत होते तेव्हा एका मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या पानापानावर पट्टीने तीन उभ्या रेघा मारून चार रकाने पाडले होते: मत्तय, मार्क, लूक, योहान. ज्या घटना एकाहून अधिक जणांनी सांगितल्या आहेत, त्या शेजारी शेजारी उतरवायच्या, एवढाच उद्देश होता. त्या पहाटेच्या पानावर सगळ्यात जास्त खाडाखोड आहे.

मार्कच्या रकान्यात तीन स्त्रिया आहेत: माग्दालेना मरिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमे. सूर्य उगवलेला आहे. वाटेत त्यांना एकच घोर, कबरीच्या तोंडावरची धोंड लोटणार कोण? जाऊन बघतात तर धोंड बाजूला झालेली, आणि आत उजवीकडे पांढरा झगा घातलेला एक तरुण बसलेला. तो निरोप देतो. त्या थरथरत पळत सुटतात आणि भीतीपोटी कोणालाही काही सांगत नाहीत. कोडेक्स सिनाइटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान इथेच, या गप्प राहण्यावरच, संपतं. छापील बायबलात पुढे दिसणाऱ्या ओळी नंतरच्या काळात जोडल्या गेल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मत्तयाकडे स्त्रिया दोनच आहेत. भूकंप होतो, देवदूत आकाशातून उतरतो, स्वतः धोंड लोटतो आणि तिच्यावर बसतो. पहारेकरी मेल्यासारखे होतात. या स्त्रियाही घाबरलेल्या आहेत, पण त्यांना आनंदही झालाय आणि त्या शिष्यांना सांगायला धावत निघतात. लूककडे सलोमेचं नाव नाही, तिच्या जागी योहान्ना आहे, आणखीही काही जणी आहेत, आणि समोर लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष. योहानाकडे अजून अंधार आहे आणि माग्दालेना एकटी आहे. मात्र पेत्राला सांगायला धावते तेव्हा ती "आम्ही" या अर्थाने बोलते, जणू मागे कोणी उभं असावं. देवदूत तिलाही दोन दिसतात, पण नंतर, रडत रडत आत डोकावल्यावर: एक उशाशी, एक पायथ्याशी.

पंख मात्र चौघांपैकी एकानेही सांगितलेले नाहीत.

या चौघांच्याही आधीचा लेखी दाखला पौलाचा आहे. करिंथकरांना त्याने इसवी सन ५५च्या सुमारास पत्र लिहिलं. उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला त्याची यादी त्यात आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. त्या यादीत एकाही स्त्रीचं नाव नाही. रिकाम्या कबरीचाही वेगळा उल्लेख नाही.

आठवीतल्या मुलीचा प्रश्न नवा नाही. इसवी सन १७८च्या आसपास सेल्सस नावाच्या ग्रीक लेखकाने ख्रिस्ती धर्मावर टीकेचं एक पुस्तक लिहिलं. त्यातही हा मुद्दा आहे: कबरीपाशी काहींच्या म्हणण्याप्रमाणे एक देवदूत आला, काहींच्या म्हणण्याप्रमाणे दोन. सेल्ससचं पुस्तक आज उरलेलं नाही. साधारण सत्तर वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याला उत्तर लिहिलं आणि उत्तर देण्यासाठी त्यातली वाक्यंच्या वाक्यं उतरवून घेतली, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. ओरिजेनचं उत्तर असं, की मत्तय आणि मार्क धोंड लोटणाऱ्याविषयी बोलतात, तर लूक आणि योहान त्या दोघांविषयी, तेव्हा विरोध कुठेच नाही. ओरिजेन माझ्या आवडीचा आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. मार्कचा तरुण आत बसला आहे, त्याने धोंड लोटल्याचं मार्क म्हणत नाही. शिवाय ओरिजेनने स्वतःच योहानावरच्या भाष्यात कबूल केलं आहे, की चार शुभवर्तमानांतले सगळे फरक नुसत्या घटनांच्या पातळीवर मिटत नाहीत, अर्थ आणखी खोलवर शोधावा लागतो. तिथला ओरिजेन मला जास्त प्रामाणिक वाटतो.

मला हे फरक पुस्तकांत भेटले नाहीत, वाचनपीठावर भेटले. झावळ्यांच्या रविवारी आणि गुड फ्रायडेला चर्चमध्ये दुःखसहनाचं वाचन असतं. ते तिघं-चौघं मिळून वाचतात: येशूचे शब्द फादर, लोकसमुदायाचे आणि पिलाताचे कोणी तरी, आणि मधली सगळी गोष्ट निवेदक. निवेदकाचा भाग मी जवळजवळ तीस वर्षं वाचत आले आहे. १९६९च्या नव्या वाचनक्रमानुसार झावळ्यांच्या रविवारी आळीपाळीने एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक येतो. गुड फ्रायडेला दर वर्षी योहानच. जुन्या लॅटिन पद्धतीत तर एकाच आठवड्यात चौघेही वाचले जात: रविवारी मत्तय, मंगळवारी मार्क, बुधवारी लूक, शुक्रवारी योहान. माझ्या आईच्या पिढीने ते चारही ऐकले, पण लॅटिनमध्ये, म्हणजे सूर कळला, शब्द कळले नाहीत. माझ्या पिढीला शब्द मराठीत मिळाले. शब्द मिळाले म्हणून प्रश्न पडले.

पाच दिवसांच्या अंतराने तीच गोष्ट मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. रविवारी मी वाचते, की शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरून त्याला क्रूस वाहायला लावला. शुक्रवारी वाचते, की येशू स्वतःचा क्रूस स्वतः वाहत निघाला; शिमोनाचं नाव नाही. मार्कच्या वर्षी रविवारी क्रूसावरचा येशू देवाने आपल्याला का टाकलं असा आक्रोश करतो. शुक्रवारी योहानाचा येशू आईला शिष्याच्या हवाली करतो, तहान लागल्याचं सांगतो आणि काम पुरं झालं म्हणून डोकं लववतो. दोन्ही वाचनांनंतर गुडघे टेकून काही क्षण गप्प राहायचं असतं. ते दोन गप्प राहणं मला कधी एकसारखं वाटलं नाही.

मग तासाचं काय? मार्क सांगतो, तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला, त्याला क्रूसावर दिलं. योहान सांगतो, सहाव्या तासाच्या सुमाराला, म्हणजे भर दुपारी, पिलात अजून न्यायासनावर बसलेलाच होता. हे कोडं प्राचीन काळीच खुपलं होतं. नकलकाराच्या हातून चूक झाली असावी, कारण ग्रीक लिपीतल्या तीनच्या आणि सहाच्या आकड्यांच्या खुणा एकमेकींसारख्या दिसतात, असा खुलासा तेव्हापासून केला जातो. ज्याने मुलांच्या वह्या तपासल्या आहेत त्याला हे सहज पटेल. आपल्या ३ आणि ६ मध्ये तरी काय आहे, एक उजवीकडे वळलेला, दुसरा डावीकडे. काही नकलकारांनी पुढे जाऊन आपणच दुरुस्ती केली: योहानाच्या काही प्रतींत तिसरा तास दिसतो, मार्कच्या काही प्रतींत सहावा. ऑगस्टीनने इसवी सन ४००च्या सुमारास चारही शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने तोडगा काढला, की तिसऱ्या तासाला यहुदी जमावाने ओरडून जिभेने त्याला मारलं आणि सहाव्या तासाला शिपायांनी हातांनी. हा तोडगा वाचून मी वही मिटून ठेवली होती. वेळेचा मेळ बसावा म्हणून एका सबंध जमातीच्या माथी खून मारायचा, आणि असले अर्थ पुढे शतकानुशतकं यहुद्यांच्या जिवावर उठले. १९६५मध्ये व्हॅटिकन परिषदेने तो आरोप स्पष्ट शब्दांत नाकारला. तोवर केवढं रक्त सांडून गेलं होतं.

सगळ्यात मोठा फरक दिवसाचा आहे. मार्क, मत्तय आणि लूक यांच्याकडे शेवटचं भोजन हे वल्हांडणाचं, म्हणजे यहुद्यांच्या सणाचं, भोजन आहे. कोकरू कापून झालंय, सण लागलाय, आणि येशू दुसऱ्या दिवशी सणातच मरतो. योहानाकडे वल्हांडण अजून यायचा आहे. येशूला पिलाताकडे आणणारे लोक वाड्यात पाऊल टाकत नाहीत, कारण विटाळले तर संध्याकाळी वल्हांडणाचं जेवण चुकेल. म्हणजे योहानाचा येशू निसान महिन्याच्या १४ तारखेला मरतो, ज्या दुपारी मंदिरात कोकरं कापली जात. त्याचं एकही हाड मोडलं नाही, असं योहान मुद्दाम नोंदवतो, कारण वल्हांडणाच्या कोकराचं हाड मोडायचं नसतं. मार्क ख्रिस्ताच्या हातात वल्हांडणाची भाकर देतो. योहान ख्रिस्तालाच कोकरू करतो.

हा नुसता पोथीतला फरक राहिला नाही. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, मंडळ्या १४ निसानला, वार कुठलाही असो, ख्रिस्ताचा वल्हांडण पाळत. रोममध्ये तो रविवारी पाळला जाई. हिरापोलिसचा बिशप अपोलिनारिस १७०च्या सुमारास तक्रार करतो, की काही लोक मत्तयाचा आधार घेऊन प्रभूने १४ तारखेला शिष्यांबरोबर कोकरू खाल्लं असं म्हणतात, आणि मग शुभवर्तमानं एकमेकांशी भांडताहेत असं दिसू लागतं. त्याच्या मते चूक त्या लोकांच्या वाचण्यात होती. तरी शुभवर्तमानं भांडताहेत असं वाटतं हे त्या काळीच कोणी तरी लिहून ठेवलं, याचं मला बळ वाटतं.

१५५च्या आसपास स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प समुद्र ओलांडून रोमला गेला. तिथला बिशप अनिसेटस. दोघं बोलले, ना याने त्याला पटवलं, ना त्याने याला. तरी अनिसेटसने मान म्हणून आपल्या चर्चमधली पवित्र भोजनाची उपासना पॉलिकार्पला चालवायला दिली आणि दोघं शांततेने निरोप घेऊन वेगळे झाले. पुढे १९०च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर इतका धीराचा निघाला नाही. त्याने आशियातल्या मंडळ्यांना वाळीत टाकायचं ठरवलं. इफिसच्या पोलिक्रेटिसने उत्तर लिहिलं: माझ्या घराण्यात सात बिशप होऊन गेले, मी आठवा, पासष्ट वर्षं प्रभूत घालवलेला माणूस, या धमक्यांना मी घाबरत नाही. आणि गॉल प्रांतातून, आजच्या फ्रान्समधल्या ल्योंहून, इरेनियसने व्हिक्टरला समजावलं. इरेनियस लहानपणी पॉलिकार्पच्या पायाशी बसलेला होता. त्याने अनिसेटस आणि पॉलिकार्प यांच्या निरोपाची आठवण करून दिली आणि म्हटलं, की उपास पाळण्यात आपल्यात फरक आहे, त्यानेच विश्वासातली एकी ठसते. ३२५च्या निकाया परिषदेने रविवार पक्का केला. पण त्या दोन म्हाताऱ्यांचं ते एकमेकांशी न पटतानाही एका वेदीपाशी उभं राहणं, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय.

आता माझ्या संहितेकडे येते, कारण दोष तिथे होता.

नाटक लिहिताना मी चारही शुभवर्तमानांतून घेतलं होतं. क्रूसावरची सातही वचनं घातली, जी एका ठिकाणी कुठेच नाहीत: तीन लूककडची, तीन योहानाकडची, एक मार्क-मत्तयाकडचं. येशूला आधी क्रूस स्वतः वाहायला लावला, मग शिमोन आणला. क्रूसाच्या वाटेवरून व्हेरोनिका आणली, जी चारांत कुठेच नाही. सगळं होतं, काहीही गळलेलं नव्हतं, असं मला वाटत होतं.

हेच काम तातियानाने १७०च्या सुमारास केलं होतं, माझ्याहून कितीतरी सफाईने. तातियान मूळचा तैग्रिसच्या पलीकडच्या मुलखातला. रोममध्ये तो जस्टिनचा शिष्य होता; जस्टिन हुतात्मा झाल्यानंतर पूर्वेला परतला. त्याने चारही शुभवर्तमानांचे धागे सोडवून एक सलग गोष्ट विणली. दोन वंशावळ्या जुळेनात, त्या गाळल्या. हा ग्रंथ दियातेस्सारोन या नावाने ओळखला जातो. सिरियाक भाषेतल्या मंडळ्यांनी तो डोक्यावर घेतला. तिथे त्याला मिसळलेलं शुभवर्तमान म्हणत, आणि चार निरनिराळ्या पुस्तकांना वेगळ्यांचं शुभवर्तमान. दोन-अडीच शतकं एदेसा आणि आसपासच्या चर्चमधून लोकांनी येशूची गोष्ट ऐकली ती ही, एकच. चौथ्या शतकात संत एफ्रेमने भाष्य लिहायला घेतलं तेही याच ग्रंथावर.

मग पाचव्या शतकात किर्‍हसचा बिशप थिओडोरेट आपल्या मुलखात फिरला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय, की मंडळ्यांमध्ये मोठ्या आदराने जपलेल्या दोनशेहून अधिक प्रती त्याला सापडल्या. त्या त्याने गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमानं ठेवली. तातियानाच्या ग्रंथाची सबंध मूळ प्रत आज जगात कुठेही नाही.

एक तुकडा कदाचित आहे. सिरियात फरात नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचं रोमन लष्करी ठाणं होतं. २५६च्या सुमारास सासानी फौजांनी वेढा घातला, तेव्हा तटबंदी मजबूत करायला आतून मातीचा भराव घातला गेला. शहर पडलं, ओस झालं, भराव तसाच राहिला. १९३३ मध्ये उत्खनन करताना त्या भरावात तळहाताएवढा चामड्याचा एक तुकडा मिळाला, एकाच बाजूने लिहिलेला, १४ ग्रीक ओळींचा. आज तो अमेरिकेत येल विद्यापीठाकडे आहे. तो तातियानाच्याच ग्रंथातला की दुसऱ्या कोणी विणलेला, यावर अभ्यासक अजून भांडतात. तो चार शुभवर्तमानांच्या धाग्यांनी विणलेला आहे, एवढं मात्र नजरेला दिसतं.

त्या १४ ओळींचं भाषांतर मी माझ्या रकान्यांशेजारी ठेवून वाचलं. संध्याकाळ, क्रूसावरून देह उतरवण्याआधीची. जब्दीच्या मुलांची आई मत्तयाकडून आली आहे, सलोमे मार्ककडून. तयारीचा दिवस म्हणजे शब्बाथाच्या आधीचा दिवस, हा खुलासा मार्कचा. मग अरिमथाईकर योसेफ येतो: त्याचं गाव यहूदियातलं, तो भला आणि नीतिमान, हे लूकचं, भीतीमुळे लपूनछपून शिष्य झालेला, हे योहानाचं. एकेका वाक्यात दोन-दोन हात. टाका कुठेही उसवलेला दिसत नाही.

आणि त्याच ओळींत एक बारीकशी गोष्ट घडली आहे. लूककडे गालीलातून येशूच्या मागे आलेल्या स्त्रिया दूर उभ्या राहून सगळं पाहतात. मार्कने तर सांगितलंय, की त्या गालीलात त्याच्यामागे चालत होत्या आणि त्याची सेवा करत होत्या. या तुकड्यात मात्र गालीलातून त्याच्यामागे जे आले त्यांच्या स्त्रिया, असे शब्द पडले आहेत. ग्रीकमध्ये स्त्री आणि बायको यांना एकच शब्द. म्हणजे ज्या स्वतः मागे चालत आल्या होत्या, त्या मागे चालणाऱ्या पुरुषांच्या बायका झाल्या. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. चार वाक्यं एकात बसवताना शब्द इकडचा तिकडे झाला असेल. पण गालीलापासून यरुशलेमपर्यंतची त्यांची पायपीट त्या एका विभक्तीत पुसली गेली.

ते वाचलं आणि मी माझी संहिता पुन्हा उघडली. शेवटच्या प्रवेशात माझ्याकडे माग्दालेना बागेत एकटी रडते, माळी समजून येशूशीच बोलते, तो नावाने हाक मारतो. योहानाचा तो प्रसंग इतका सुंदर आहे, की त्याला जागा करून द्यायला मी बाकीच्या स्त्रिया लवकर आत पाठवल्या होत्या. सलोमे माझ्या नाटकात कुठेच नव्हती, इतक्या वर्षांत एकदाही नाही. मार्कच्या त्या तिघींचं घाबरून गप्प होणं, ज्यावर त्याने अख्खं पुस्तक थांबवलं, ते मी गाळलं होतं, कारण पुढच्या आनंदाला ते जुळत नव्हतं. उलट जमावाच्या तोंडचे सगळे कठोर शब्द, चौघांकडे जिथे जिथे असतील तिथून, मी एका जागी गोळा केले होते. आणि जमाव छाती बडवत घरी गेला, हे एकट्या लूकने सांगितलेलं मात्र विसरले होते.

तातियानाच्याच पिढीतल्या इरेनियसने १८०च्या सुमारास लिहिलं, की शुभवर्तमानं चारच, कमी नाहीत, जास्त नाहीत. दिशा चार, वारे चार, तशी ती चार. हा युक्तिवाद आज कोणाला पुरेसा वाटणार नाही. पण पॉलिकार्पच्या त्या शिष्यासमोर कोणते पर्याय होते ते पाहिलं, की त्याचं महत्त्व कळतं. आपल्याला पटेल ते एकच पुस्तक ठेवावं, असं मार्कियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने आधीच करून दाखवलं होतं. त्याने लूक ठेवला, तोही कापून. सगळी मिसळून एक करावीत, हे तातियान करत होता. इरेनियसने ना फेकलं, ना मिसळलं.

चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसने वाचकांसाठी एक सोय केली, आणि माझ्या चार रकान्यांचा तोच खरा पूर्वज. त्याने चारही शुभवर्तमानांना मजकुराच्या कडेला क्रमांक घातले, मत्तयाला ३५५, योहानाला २३२, असे. मग दहा तक्ते केले. पहिल्या तक्त्यात चौघांनी सांगितलेलं, मग तिघांचं, मग दोघांचं, आणि दहाव्यात ज्याने त्याने एकट्यानेच सांगितलेलं. क्रमांकाखाली लाल शाईने तक्त्याचा आकडा असे. वाचताना कडेला नजर टाकली, की कळे हे आणखी कोणाकडे आहे. मजकुराला त्याने हात लावला नाही. पुढे हजार वर्षं ग्रीक, लॅटिन, सिरियाक, आर्मेनियन हस्तलिखितांत ते तक्ते रंगीत कमानींत काढले गेले. वेगळेपण तसंच ठेवून शेजार कसा दाखवावा, याचं इतकं साधं साधन दुसरं मला माहीत नाही.

मराठीत मात्र ही गोष्ट पहिल्यांदा आली ती विणलेलीच आली. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. मेंढपाळ लूककडचे, पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयाकडचे, दोन्ही एकाच बेथलेहेमात. पुराण ऐकायची सवय असलेल्या श्रोत्यांना चार पोथ्या समोर ठेवून चालणार नव्हतं. गोव्यात आणि पुढे मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. तातियानाच्या ग्रंथासारखीच क्रिस्तपुराणाच्या पहिल्या आवृत्तीची प्रतही आज मिळत नाही. स्टीफन्सच्या ओवीपुढे मी नतमस्तक आहे, पण चार आवाज चार ठेवून मराठीत यायला आणखी दोन शतकं लागली. बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरे यांनी १८११मध्ये मराठी नवा करार छापला. आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं सबंध बायबल १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात कामाला मिशनमधल्या मुली आणि बायका होत्या. मार्कच्या त्या तीन स्त्रियांची नावं, सलोमेसकट, तिथे बायकांच्या हातून छापली गेली. दुराच्या तुकड्याचा विचार मनात आला, की मला केडगाव आठवतं.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी वही घेऊन गेले. मुलांना गोल बसवलं आणि चारही रकाने वाचून दाखवले. "खरे किती होते ते मला सांगता येणार नाही," मी त्या मुलीला म्हटलं. "पण यंदाचं वर्ष मार्कचं आहे. आपण मार्क सांगतो तेवढंच करू या का?" फादरनी होकार दिला. तीन आठवड्यांत संहिता नव्याने लिहिली. व्हेरोनिका गेली, सात वचनांतली सहा गेली, बागेतला प्रसंग गेला. जाताना जीव तुटला. शेजारची एक म्हातारी बाई तालीम बघून म्हणाली, "एवढंच? प्रभू दिसणार नाही शेवटी?" नाही दिसणार, मी सांगितलं. मार्कने दाखवला नाही.

पंख केलेच नाहीत. अकरावीतला एक मुलगा वडिलांचा पांढरा कुर्ता घालून कबरीत उजव्या बाजूला बसला. सलोमेचं काम त्या आठवीतल्या मुलीने मागून घेतलं. निरोप ऐकून तिघी मागे सरकल्या, रंगमंचावरून उतरल्या आणि प्रेक्षकांमधल्या वाटेने दाराकडे धावल्या, हातातली सुगंधी तेलाची भांडी तशीच घट्ट धरून. एकीचंही तोंड उघडलं नाही. दिवे गेले. अंधारात अंगणातल्या खडीवर त्यांच्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि सभागृहात कोणीही टाळी वाजवली नाही.

२०२५ला लूक झाला, जमाव छाती बडवत परतला. यंदा मत्तय. स्त्रिया दोन, पहारेकरी चार ठरवलेत, भूकंपासाठी ढोल मागून ठेवलाय. देवदूत धोंड लोटून तिच्यावर बसायचा आहे, म्हणून थर्माकोल चालणार नाही; गावातल्या सुताराकडून लाकडी सांगाडा करून घेतलाय, वर काथ्याचं पोतं आणि मातीचा लेप. काल त्याच्यावर मी स्वतः बसून पाहिलं.